झोन ऑफिसात अर्ज देण्याआधी: ब्रेकर, रस्ता आणि बाजूची फ्लॅट स्कीम

माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान नागपूर मनपाच्या एका झोन ऑफिसच्या गल्लीत आहे. जन्माचे दाखले, टॅक्सच्या पावत्या, आखिव पत्रिकेच्या नकला यांच्या जोडीला दोन प्रकारची माणसं ठरलेली येतात. पहिला म्हणतो, "ताई, घरासमोर ब्रेकर पाहिजे, एक अर्ज मारून द्या न जी." दुसरा म्हणतो, "बाजूच्या प्लॉटवर फ्लॅट स्कीम चालू झाली, थांबवायची आहे." दोघांनाही मी आधी एकच विचारते: रस्ता कोणाचा? प्लॉट कोणाकडचा? बहुतेकांकडे उत्तर नसतं. चुकीच्या दारात दिलेला अर्ज कोणी फाडून फेकत नाही, पण तो "योग्य कार्यवाहीस्तव अग्रेषित" होत होत कुठल्या तरी कपाटात विसावतो. म्हणून सुरुवात तिथून करा.

नागपुरात मालक शोधणं वाटतं तेवढं सोपं नाही. वर्धा रोड राष्ट्रीय महामार्ग ४४, अमरावती रोड राष्ट्रीय महामार्ग ५३. काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे. कॉलनीतले बहुतेक मनपाचे. लेआउट "५७२" किंवा "१९००" मधला असेल, म्हणजे गुंठेवारीतला (परवानगीशिवाय पाडलेल्या प्लॉटांचा) असेल, तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) दार आधी ठोठवा. तुमच्या घरचं आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) तिथूनच आलेलं असतं. बेसा-बेलतरोडीकडे मनपाची हद्दच संपते, तिथे बांधकामाच्या परवानगीचा विषय एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) जातो. एकाच चौकाच्या दोन बाजू दोन खात्यांच्या असणं हे आपल्याकडे नवल नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे कामाचा फलक. रस्ता झाला की कोपऱ्यावर पत्र्याचा बोर्ड लागतो. त्यावर खातं, कंत्राटदार, कामाची किंमत आणि दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. या शेवटच्या ओळीचा फोटो नक्की काढून ठेवा. तो कालावधी संपलेला नसेल तर उखडलेला भाग कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि मग "निधी नाही" हे उत्तर चालत नाही. बोर्ड गायब असेल (पत्र्याला भंगारात भाव आहे) तर झोनच्या जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) विचारा, रस्ता आपला की दुसऱ्याचा हे त्याला पाठ असतं.

मनपाचे झोन दहा: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. तुमचा कोणता ते टॅक्सच्या डिमांडवर छापलेलं असतं. वाहतूक पोलिसांचे झोन मात्र वेगळे आखलेले आहेत, ते आणि हे एक समजू नका.

आता ब्रेकर. माझा सल्ला लोकांना आवडत नाही, तरी देते: अर्जात ब्रेकर मागूच नका. अडचण लिहा. उपाय सुचवायचा तर "पाहणी करून योग्य ती उपाययोजना" एवढंच लिहा आणि खाली दोन-तीन पर्याय द्या. कारण असं की ब्रेकर मागितला की "नियमात बसत नाही" या एका ओळीत फाईल बंद करता येते. शाळेच्या फाटकासमोर पोरांना रस्ता ओलांडता येत नाही, असं लिहिलं तर त्यावर काहीतरी करावंच लागतं.

आणि नियमात खरंच बसत नाही, हेही पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ९९ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्यात साध्या ब्रेकरचं माप दिलं आहे: वाहन ज्या दिशेने जातं त्या दिशेने ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटीमीटर उंच, वरचा भाग १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. गाडी त्यावरून ताशी २५ किलोमीटरने आरामात जावी असा हिशेब. ३.७ मीटर म्हणजे बारा फूट! आता तुमच्या गल्लीतला ब्रेकर डोळ्यासमोर आणा. हात-दीड हात रुंद, वीतभर उंच, कडा उभ्या. सिमेंट रोडच्या कामातली उरलेली गिट्टी आणि मसाला, रात्री अंधारात ओतलेला. रंग नाही, बोर्ड नाही. त्यावरून ॲक्टिव्हाच्या पायदानावर सिलिंडर ठेवून येणारा माणूस कसा उतरतो ते एकदा उभं राहून बघा. ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटचं तर विचारूच नका.

मोजायचं असेल तर गवंड्याकडची सरळ लाकडी पट्टी मागून आणा. ती ब्रेकरच्या माथ्यावर, गाडी जाते त्या दिशेने, समतल धरा आणि तिच्या टोकाखाली रस्त्यापर्यंत किती अंतर पडतं ते पोरांच्या फुटपट्टीने मोजा. फोटोत पट्टीवरचे आकडे दिसले पाहिजेत. असा एक फोटो जोडला की चुकीचा ब्रेकर काढायचा किंवा सुधारायचा अर्ज जेईला बाजूला सारता येत नाही. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे ब्रेकरच्या ४० मीटर आधी सूचना फलक आणि अंगावर पांढरे-काळे पट्टे हवेत. पट्टे पुसले असतील तर फक्त रंगासाठीही अर्ज करता येतो, आणि तो मंजूर होणं सगळ्यात सोपं. राष्ट्रीय महामार्गावर ब्रेकर मागून फायदा नाही, तिथे तो चालतच नाही. तिथे रंबल स्ट्रिप (रस्त्यावरचे बारीक उंचवट्यांचे पट्टे), फलक, दुभाजकातली चोरवाट बंद करणं, हे मागा.

वर्गणी काढून स्वतःच ब्रेकर घालायचा विचार तर डोक्यातून काढून टाका. एखादा पडला तर तुमच्याच मंडळाची नावं पोलिसांच्या कागदावर येतील.

मग मागायचं काय? बऱ्याच ठिकाणी रोग वेगळाच असतो. वळणावरचा दिवा बंद. कडुनिंबाची फांदी सिग्नलवर आलेली. पाण्याच्या नाहीतर केबलच्या लाईनसाठी फोडलेला रस्ता नीट न बुजवलेला. फुटपाथचे गट्टू उखडलेले, म्हणून माणसं रस्त्यावरून चालतात. कोपऱ्यावरच्या टपऱ्यांमुळे आडव्या रस्त्यावरून येणारी गाडी दिसत नाही. यातलं एक-एक वेगळ्या खात्याकडे जातं: दिवा विद्युत विभाग, फांदी उद्यान विभाग, टपरी अतिक्रमण पथक. एका अर्जात सगळं कोंबलं तर प्रत्येक खातं म्हणतं, उरलेलं दुसऱ्याचं. विषय एक, अर्ज एक. कागदाचे चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

अर्जात काय वजनदार ठरतं ते सांगते. "येथे नेहमी अपघात होतात" या वाक्याला किंमत शून्य. त्याऐवजी शाळा सुटायच्या वेळी अर्धा तास फाटकाशी उभे राहा. वहीत चार रकाने पाडा: दुचाकी, ऑटो आणि स्कूल व्हॅन, कार, टिप्पर-ट्रक. एकाने रेघा मारायच्या, दुसऱ्याने ओलांडणारी पोरं मोजायची. खाली तारीख, वेळ, सही. पोलिसात नोंद झालेला अपघात असेल तर ठाणं आणि तारीख लिहा. केंद्र सरकारच्या व्याख्येत "ब्लॅक स्पॉट" म्हणजे साधारण ५०० मीटरचा असा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० जीव गेले. तुमची जागा त्यात बसत असेल तर स्पष्ट लिहा, यादीतल्या जागेला निधी लवकर मिळतो. बसत नसेल तर अतिशयोक्ती करू नका. माणसं मरायची वाट न पाहता धोक्याची जागा आधी हेरता येते, हे नागपूरला नवीन नाही. २०२१ साली सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात मनपाच्या बसवर यंत्रं बसवून "ग्रे स्पॉट" शोधायचं काम याच शहरात झालं. तुमच्या वहीतल्या रेघा त्याच जातीच्या.

मी टाइप करते तो मजकूर साधारण असा असतो:

"प्रति, मा. सहायक आयुक्त, (अमुक) झोन, नागपूर महानगरपालिका.
विषय: (अमुक) शाळेच्या मुख्य फाटकासमोर पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी उपाययोजना करणेबाबत.
महोदय, उपरोक्त विषयान्वये, (अमुक) चौक ते (अमुक) चौक या रस्त्यावर शाळेचे फाटक असून दुपारी शाळा सुटताना विद्यार्थ्यांना रस्ता ओलांडणे धोक्याचे झाले आहे. दि. ... रोजी अर्ध्या तासात केलेली वाहनांची मोजणी व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सदर ठिकाणी झेब्रा पट्टे, 'पुढे शाळा आहे' फलक किंवा तांत्रिकदृष्ट्या योग्य अन्य उपाय करण्यासाठी मोका पाहणी करावी, व पाहणीची वेळ अर्जदारास कळवावी, ही विनंती.
प्रतिलिपी: १) कार्यकारी अभियंता, (अमुक) झोन. २) मा. पोलीस उपायुक्त (वाहतूक), नागपूर शहर."

"पाहणीची वेळ कळवावी" हे शब्द काढू नका. जेई आला तेव्हा तुम्ही हजर असाल तर तो फाटकासमोर उभा राहतो. नसाल तर गाडीतूनच बघून जातो. शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं तर उत्तम. सह्यांचा भारा मात्र नको. दहा-पंधरा सह्या घरक्रमांकासकट पुरतात, पानभर अगम्य सह्यांकडे कोणी बघत नाही.

वाहतूक पोलिसांना प्रत का? पट्टे, ब्रेकर, गट्टू हे स्थापत्य काम मनपाचं. पण पार्किंगला मनाई, जड वाहनांना वेळेची बंदी, एकेरी वाहतूक या गोष्टी मोटार वाहन कायद्याखाली पोलीस अधिसूचना काढून करतात. शाळेसमोरचा प्रश्न कधी कधी एका "नो पार्किंग"ने मिटतो आणि डांबराचा थेंबही लागत नाही. उलट मनपाला ब्रेकर करायचा असला तरी वाहतूक शाखेचं मत मागवलं जातं. ते पत्र आधीच फाईलला असलेलं बरं.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांची, एक तुमची ओसी (ऑफिस कॉपी, म्हणजे पोच घेतलेली प्रत). आवक खिडकीवर ओसीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही घ्या. नुसती सही घेऊन परतणारे लोक मी रोज बघते आणि परत पाठवते. पुढची सगळी लढाई त्या क्रमांकावर चालते. "साहेब दौऱ्यावर आहेत" हे आवक खिडकी बंद ठेवायचं कारण होऊ शकत नाही.

वेळेचंही बघा. पावसाळ्यात डांबराचं काम निघत नाही आणि ओल्या रस्त्यावर पट्टे धरत नाहीत. म्हणून पोळ्याच्या आसपास अर्ज दिलेला चांगला. पाहणी आणि प्राकलन (खर्चाचा अंदाज) होईस्तोवर दिवाळी येते आणि कामं उघडतात. मार्चमध्ये अर्ज देऊन "याच वर्षी करा" म्हणणं म्हणजे त्यांना नाही म्हणायची सोय करून देणं. मोठं काम असेल तर नवीन अंदाजपत्रकाच्या आधी, हिवाळ्यातच, तरतुदीसाठी लिहा.

नगरसेवकाचं पत्र लागतं का, असं विचारतात. असलं तर जोडा. पण मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हाही अर्ज येत होते आणि ब्रेकरही होत होते. फाईल हलते ती टिपणीवर, म्हणजे फाईलमध्ये लिहिलेल्या शेऱ्यावर.

महिनाभरात काही हललं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत ही शब्दमर्यादा आहे. "काम का झालं नाही?" असं विचारू नका. "का"चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधलेला नाही, त्याच्याकडे असलेला कागद द्यायला आहे. म्हणून कागदच मागा: "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावरील नस्तीच्या टिपणी भागाची व पाहणी अहवालाची साक्षांकित प्रत." उत्तराची मुदत ३० दिवस. पुष्कळदा हा अर्ज पोचला की चार दिवसांत जेई मोक्यावर दिसतो, कारण नस्तीत (फाईलमध्ये) टिपणीच नसते आणि ती आता लिहावी लागते. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं तिकीट.

रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यातून कोणी दगावलं किंवा अपंग झालं, तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९८-अ जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड सांगतं. अर्जात एका ओळीत उल्लेख करा, धमकीच्या सुरात नको.

आता फ्लॅट स्कीमवाले. यांना मला आधी निराश करावं लागतं. बाजूच्या प्लॉटवर नकाशा मंजुरीसाठी गेला तर तो तुम्हाला कळवायची, तुमची हरकत मागवायची पद्धत आपल्याकडे नाही. नियमात बसला की मंजूर. "आमच्या घरात ऊन येणार नाही", "गर्दी वाढेल" या कारणांनी परवानगी अडत नाही. पण दोन जागी तुमचं चालतं.

पहिली जागा म्हणजे जमिनीचा वापरच बदलत असेल तेव्हा. शहराचा मंजूर विकास आराखडा २००० साली अंमलात आला. त्यात खेळाचं मैदान, शाळा, बाग अशी आरक्षणं आहेत. आरक्षण उठवायचं किंवा निवासी करायचं तर एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम ३७ खाली राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते, आणि सूचनेपासून एक महिन्याच्या आत कोणीही हरकत घेऊ शकतो. कोणीही, शेजारीच असलं पाहिजे असं नाही. पण ही सूचना वाचतं कोण? ती जाहिरातींच्या पानावर, लग्नाच्या लॉनच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. "मौजा जयताळा, खसरा क्रमांक अमुक, आरक्षणातून वगळून निवासी विभागात समाविष्ट" अशी भाषा. म्हणून आपल्या आसपासच्या मोकळ्या जागांचे मौजे आणि खसरा नंबर आजच लिहून घराच्या कॅलेंडरमागे चिकटवा. सूचना दिसली की नगररचना विभागात जाऊन नकाशा बघा. हरकत लेखी द्या, तिच्यात सुनावणी मागा, आणि भावनेपेक्षा गरज लिहा: एवढ्या वस्तीला दुसरं मैदान किती लांब, मध्ये कोणता मोठा रस्ता, पोरं तिथे कशी जाणार. रस्त्याची मोजणी इथेही कामाला येते.

आरक्षण दुसऱ्या वाटेनेही जातं. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक त्याच कायद्याच्या कलम १२७ ची खरेदी सूचना (जागा घ्या, असं प्रशासनाला कळवणारी नोटीस) देतो. त्यानंतर २४ महिन्यांत प्रशासनाने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. इथे हरकतीची सोयच नाही. म्हणून मैदानाच्या जागेवर अशी सूचना आली आहे का, हे माहितीच्या अधिकारात अधूनमधून विचारत राहणं एवढंच हाती उरतं. घड्याळ चालू आहे हे कळलं तर संपादनासाठी मागे तरी लागता येतं.

दुसरी जागा: मंजुरी एक आणि बांधकाम दुसरं. साइटवर परवानगीचा फलक लावावा लागतो, त्याचा फोटो घ्या. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते, आणि मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. झेरॉक्सचे माझे पैसे बुडतात, पण सांगते. नकाशात पार्किंग दाखवलेल्या ठिकाणी दुकानांचे शटर दिसतंय का? बाजूला सोडायची जागा नकाशात किती, प्रत्यक्षात किती? समोरचा रस्ताही टेपने मोजा. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत रस्त्याच्या रुंदीवर किती बांधता येईल ते ठरतं, आणि ९ मीटर ही त्यातली मोठी रेघ आहे. आपले जुने लेआउटचे तीस फुटी रस्ते ९.१४ मीटर भरतात, म्हणजे रेघेच्या जेमतेम अलीकडे-पलीकडे. कागदावर ९ आणि जागेवर साडेआठ असेल तर तो मुद्दा लेखी विचारण्याजोगा आहे.

तक्रार देताना "बिल्डर दादागिरी करतो" हे वाक्य मी काढून टाकते. परवानगी क्रमांक, नकाशातलं माप, जागेवरचं माप, फोटो, आणि एमआरटीपीच्या कलम ५३ खाली नोटीस देण्याची विनंती, एवढंच ठेवते. स्लॅब पडायच्या आधी द्या. चार मजले झाल्यावर पाडायला कोणी येत नाही, दंड भरून नियमित करायची वाट तेव्हा सोपी होते.

तुमच्याच घराला त्रास होत असेल तर मनपाचा लोकशाही दिनही आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. शेजारच्या इमारतीने तुमच्या भिंतीला तडा गेला, हे चालतं. चौकातला ब्रेकर सार्वजनिक म्हणून परत येऊ शकतो. तिथे जाताना ओसी, माहितीच्या अधिकारातलं उत्तर आणि फोटो तारखेप्रमाणे लावून न्या. आणि साहेब जे तोंडी सांगतील ते घरी आल्यावर त्याच दिवशी लिहून, "आजच्या चर्चेत आपण सांगितल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून, परत आवक खिडकीवर द्या. त्याचाही क्रमांक घ्या.